मामा घर झोपून बघतात

माझ्या बायकोच्या मामांइतका झोपेवर विश्वास टाकणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात सापडायचा नाही. निफाडकडे त्यांची द्राक्षबाग आहे. पण फवारणीच्या धांदलीतही कुणी घर बघायला बोलावलं, की मामा खांद्यावर टॉवेल टाकून निघालेच. भिंती, नळ, वास्तुशास्त्र यांच्याशी त्यांना देणंघेणं नाही. "घर झोपून बघावं," हा त्यांचा एकच नियम. भाची द्यायच्या आधी ते आमच्याकडेही एक रात्र मुक्कामाला आले होते. रात्रभर घोरले आणि सकाळी चहा पिताना म्हणाले, "झोप लागली. पोरगी द्यायला हरकत नाय." माझा पगार त्यांनी आजतागायत विचारलेला नाही.

पाथर्डी फाट्याकडचा फ्लॅट आम्ही पसंत केला, तेव्हा मामा सिमेंटच्या गोण्यांशेजारी टॉवेल अंथरून आडवे झाले. बिल्डरच्या ऑफिसातली मुलगी घाबरून पाणी घेऊन धावली. "काका, काय होतंय तुम्हाला?" मामा डोळे न उघडता म्हणाले, "झोप लागली व्हती पोरी, तू मोडलीस." तासाभराने उठून त्यांनी घर पास केलं.

बँकेचं मात्र झोपून जमण्यासारखं नव्हतं. हिचं किडनीचं दुखणं, डायलिसिस चालू, म्हणून विमा कंपनीने हिचा कर्जाचा विमा साफ नाकारला होता. ही शाळेत शिकवते. कर्ज मिळणार होतं ते दोघांच्या पगारांवर. साहेब म्हणाले, "मॅडमच्या वाट्यापुरतं दुसरं काही तारण द्या." ते कुठून आणणार? मग मी जे बोललो, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ही शेजारच्याच खुर्चीत होती. मी विचारलं, "समजा, उद्या ही नसली, तर सगळा हप्ता माझ्यावरच येणार ना? मग हिचं नाव काढून, माझ्या एकट्याच्या नावावर एखादं लहान घर बसेल का?" भाजीचा भाव विचारावा, अशा आवाजात. साहेबांनी मान खाली घातली. हिने सुयांच्या खुणांवरून पदर ओढून घेतला.

मामा मागे बसले होते, चपला केबिनच्या बाहेर काढून. "साहेब, पोरीचा पगार चालतो अन् पोर चालत नाय? हे कुठलं गणित?"

"नियम आहे मामा." पाच मिनिटांत साहेबही त्यांचे भाचे झाले होते.

मामांनी बंडीतून ठेवीची पावती काढली. "द्राक्षाचे पैसे हायेत. हे ठिवा तारण. अन् घराला पहिलं नाव पोरीचं लावा."

बाहेर आल्यावर ही म्हणाली, "अहो, विचारलंत ते बरंच केलंत. मीही तेच विचारणार होते." आणि रिक्षा बघायला पुढे गेली. मला वाटलं, आता मामा मला चांगलेच झाडणार. ते हळूच म्हणाले, "जावईबापू, पावती मी घरूनच आणली व्हती. तुमच्या मनात आलं, ते माझ्याबी मनात आलंच की. तिच्यादेखत तोंडातून काढायचं नसतं, येवढंच."

घर झालं. मामांचे गुडघे आता निफाडच सोडू देत नाहीत. हिची माफी मागायची राहूनच गेली. कुठल्या शब्दांत मागायची, तेच कळत नाही. डायलिसिसला ही एकटीच रिक्षाने जाते, सोबत नको म्हणते. परतायची वेळ झाली, की मी दार उघडून उभा राहतो. ही दमून येते, भिंतीला हात टेकून चपला काढते आणि हसून म्हणते, "अहो, किल्ली आहे माझ्याकडे."