स्कॉटलंड आणि मागच्या चार इमारती

आकुर्डीच्या कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवत होते, तेव्हा दर वर्षी एक प्रश्न फळ्यावर लिहायचे. स्कॉटलंडने इंग्लंडपासून वेगळं होणं दोन्ही बाजूंच्या हिताचं आहे का? वर्गातल्या मुलांना स्कॉटलंडशी काही देणंघेणं नव्हतं, म्हणूनच मी तो निवडला होता. वेगळ्या विदर्भाचं नाव काढलं की कोण कुठल्या गावचा ते लगेच बाहेर यायचं. स्कॉटलंडवर डोकं शांत ठेवून बोलता येतं, असं मला वाटायचं.

माझं उत्तर ठरलेलं होतं. कुणाच्याच हिताचं नाही. स्कॉटलंडचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक इंग्लंडच. मधे सीमा आली की व्यापार अडणार. पौंड ठेवायचा तर त्याच्या नाड्या लंडनच्या हातात, आणि स्वतःचं चलन काढायचं तर त्यावर विश्वास कोण ठेवणार? समुद्रातलं तेल सरत आलेलं. इंग्लंडलाही स्कॉटलंडमधला पाणबुड्यांचा तळ हलवावा लागेल आणि जगातली पत थोडी घसरेल. तेव्हा दोघांनी थोडं थोडं सोसावं आणि एकत्र राहावं. मुलं हे उतरवून घ्यायची आणि पास व्हायची.

घरी मात्र हे उत्तर चालत नसे. माझे पती चाकणच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर होते. स्कॉटलंडमध्ये वेगळं होण्यावर मतदान झालं त्याच वर्षी कंपनीनं त्यांना एक नवीन यंत्र शिकायला ग्लासगोजवळ काही आठवडे पाठवलं. तिथे ते एका म्हातारीच्या घरी भाड्यानं राहिले. तिच्या खिडकीत वेगळं होण्याच्या बाजूची पाटी, आणि वरच्या मजल्यावर तिच्याच मुलाच्या खिडकीत विरुद्ध बाजूची. सकाळी दोघं एकाच टेबलावर पाव खायचे आणि एकमेकांना लोणी सरकवायचे. हे पाहून माझे पती पुरते म्हातारीच्या पक्षात जाऊन परतले.

“मास्तरीणबाई, तुझा हिशेब बरोबर आहे,” ते म्हणायचे. “पण म्हातारी काय म्हणाली माहितीये? म्हणे, तोट्यात जगायची मला सवय आहे. दुसऱ्याला विचारून जगायची अजून नाही झाली.”

“तिला काय जातंय बोलायला? उद्या तिची पेन्शन कोण देणार?”

“झालं. लंडनवाली बोलली.”

वाद मी जिंकत आले की मी लंडनवाली व्हायचे. निकाल एकत्र राहण्याच्या बाजूनं लागला, त्या दिवशी मी मुद्दाम शिरा केला. त्यांनी दोनदा मागून घेतला आणि म्हणाले, “शिरा छान झालाय. निकाल नाही.” पुढे ब्रिटननं युरोप सोडलं. युरोपात राहायचं तर आमच्यासोबत राहा, असं सांगून ज्यांना थांबवलं होतं त्यांनाच त्यांच्या मताविरुद्ध बाहेर नेलं. तेव्हा माझ्या पतींनी मला काही चिडवलं नाही. नुसते वर्तमानपत्र माझ्यासमोर ठेवून गॅलरीत गेले.

आम्ही चऱ्होलीला राहायचो. मी अजून राहते. आमच्या सोसायटीत रस्त्याकडे तीन टॉवर आहेत आणि त्यांच्या मागे चार बुटक्या इमारती. मागच्या इमारती आधी बांधल्या, छोट्या फ्लॅटच्या. त्यांत बहुतेक भोसरी-चाकणच्या शिफ्टला जाणारी माणसं. आमच्यासारखी, ज्यांच्या आईवडिलांची उभी हयात कारखान्यात गेली आणि ज्यांच्या घरात बुद्धांची तसबीर आहे, अशी कुटुंबंही बरीच. टॉवर नंतर आले, मोठ्या फ्लॅटचे. सोसायटी मात्र एकच, कमिटी एकच, आणि कमिटीत सगळे पुढचे.

चेअरमन पुढच्या एका टॉवरच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहतात. परिसरातली सर्वांत मोठी सोसायटी आपली, हे वाक्य ते झेंडावंदनाला म्हणायचे, हळदीकुंकवाला म्हणायचे, पाहुण्यांसमोर तर म्हणायचेच. मागच्या बाजूला एक वेगळं फाटक होतं. तिथून भाजीच्या गाड्या येतात, शेअर रिक्षा थांबतात, सोसायटीची शोभा जाते, म्हणून त्यांनी ते बंद करून कुलूप घातलं. किल्ली पुढच्या ऑफिसात. आम्ही अर्ज केला. नियम सर्वांना सारखे, असं उत्तर मिळालं.

मग एका दुपारी माझ्या पतींच्या छातीत दुखायला लागलं. रुग्णवाहिका भोसरीहून निघाली आणि जवळचा रस्ता म्हणून मागच्या फाटकावर आली. पहारेकऱ्यानं पुढे फोन लावला. चेअरमनना विचारल्याशिवाय किल्ली देता येत नाही, असं ऑफिसातून सांगितलं, आणि चेअरमन फोन उचलत नव्हते. फाटकाच्या गजांतून मला ती पांढरी गाडी दिसत होती. शेवटी तिनं वळण घेतलं आणि वळसा घालून पुढून आली. पुढच्या फाटकाशी तेव्हा शाळेच्या बसची गर्दी. गाडी आमच्या इमारतीशी पोचली तेव्हा त्यांनी माझा हात सोडला होता.

आधी पोचलो असतो तर वाचले असते का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. चेअरमन पुण्यानुमोदनाच्या प्रार्थनेला आले, पांढऱ्या कपड्यांत. हात जोडून माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, “वाईट झालं, मॅडम. पण एकाला सूट दिली की सगळेच मागतात.”

मी नमस्कार केला. त्याच क्षणी मी ठरवलं की या माणसाला जे सर्वांत प्रिय आहे ते मी मोडणार. माणूस नव्हे. त्याची सर्वांत मोठी सोसायटी.

मागच्या चार इमारतींनी वेगळी सोसायटी करावी, ही चर्चा जुनीच होती. अडचण एकच. ठराव सगळ्यांच्या सभेत मंजूर व्हायला हवा, आणि सभेत पुढची मतं जास्त. स्कॉटलंडचं नेमकं हेच आहे. पुन्हा मतदान घ्यायचं तर लंडनची संमती लागते, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. ज्याच्यापासून सुटायचं, त्याच्याच दारात अर्ज घेऊन उभं राहायचं.

त्या महिन्यांत मी पुन्हा वाचायला बसले. इतकी वर्षं शिकवूनही एक बाजू मी धड वाचली नव्हती. साध्या इंग्रज माणसाची. त्याची कुरकुर अशी की सरकारी तिजोरीतून माणशी जास्त पैसा स्कॉटलंडला जातो, आणि वर तेच तक्रार करतात. जायचंय तर जाऊ द्या! एकत्र राज्य टिकावं ही खरी तळमळ खुर्चीवर बसलेल्याची, कारण देश माझ्या कारकिर्दीत फुटला हे कुणालाच आपल्या नावावर नको असतं. हे वाचलं आणि मला वाट दिसली. आपल्या लोकांना पटवून काही होणार नव्हतं. पुढच्यांना पटवायचं होतं.

मी पुढच्या बागेत फिरायला जाऊ लागले. निवृत्त प्राध्यापिका, नुकतीच एकटी झालेली, कमी बोलणारी. अशा बाईशी लोक आपणहून बोलतात. योगासनांनंतर टॉवरमधल्या बायका बाकावर बसायच्या.

“काकू, राग मानू नका हं, पण तुमच्या बिल्डिंगच्या गळत्या आमच्याच मेंटेनन्समधून दुरुस्त होतात ना?”

“होतात की. इमारती जुन्या आहेत आमच्या.”

“आणि ड्रेनेज पण.”

“ड्रेनेज तर दर पावसाळ्यात.”

“मग आम्हाला काय मिळतं हो यातून?”

“खरंच, मलाही कळत नाही,” मी म्हणायचे. “तुमच्या जागी मी असते तर कधीच सोडून दिलं असतं.”

यातला एक शब्दही खोटा नव्हता. मी फक्त बोअरबद्दल बोलले नाही. महापालिकेचं पाणी एक दिवसाआड येतं, ते पुरत नाही. उरलेली तूट आमच्या इमारतींखालची बोअर भरून काढायची. तिची मोटर तळमजल्याच्या खिडक्यांखाली गुणगुणते, म्हणून मागच्या प्रत्येक पोराला ती ठाऊक आहे. पुढच्यांना नळ सोडला की पाणी येतं एवढंच माहीत. कुणी लपवलं नव्हतं. आपण यांना पोसतो, याची खात्री इतकी होती की आपण काय पितो हे पाहायची गरज कुणाला वाटली नाही.

सभेच्या आधी चेअरमन माझ्या घरी आले. “मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात,” ते म्हणाले. “वेगळं होण्यात दोन्ही बाजूंचं नुकसान आहे.”

हे माझंच वाक्य होतं. इतकी वर्षं मी ते फळ्यावर लिहीत आले होते. मी त्यांना चहा दिला.

“मग सभेत सांगा ना तसं,” मी म्हणाले. “पुढच्यांचं नेमकं नुकसान काय, ते तुमच्या लोकांना सांगा.”

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीखाली मोटर चालू होती. त्यांना बोअर माहीत होती. पण ते बोलायचं तर कबूल करावं लागलं असतं की टॉवर या बुटक्या इमारतींच्या जमिनीतलं पाणी पितात, आणि तेही फाटकाला कुलूप लावून. समुद्रातल्या तेलाचा खरा अंदाज लंडननं बरीच वर्षं दडवून ठेवला होता, ते मी वर्गात सांगायचे. का दडवला, ते त्या दिवशी माझ्या समोरच्या खुर्चीत बसलेलं दिसलं. चेअरमननी चहा संपवला आणि कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला. “येतो,” म्हणाले.

सभेत ते एकीवर बोलले, इतिहासावर बोलले, सर्वांत मोठी हा शब्द दोनदा बोलले. पाण्यावर बोलले नाहीत. त्यांच्याच टॉवरमधला एक जण उठला. “चेअरमनसाहेब, जाऊ द्या ना राव त्यांना! बळजबरीनं कशाला नांदवताय?” सगळे हसले. मग हात वर झाले. मागचे झालेच, पण पुढचेही, एकामागून एक. मी हात मोजले नाहीत. मी चेअरमनचा चेहरा पाहत होते. तो उतरताना मला जे वाटलं त्याला आनंद म्हणायला मला लाज वाटत नाही.

मंजुरीला वेळ लागला, पण ती आली, आणि पाठोपाठ उन्हाळा आला. टॉवरसमोर टँकर उभे राहू लागले. बागेतल्या बायकांनी माझ्याशी बोलणं सोडलं. मी सकाळचा चहा घेऊन गॅलरीत बसायचे आणि टँकरचा आवाज ऐकायचे.

मग पुढच्या नव्या कमिटीकडून विनंती आली की दिवसातून थोडा वेळ बोअरचं पाणी द्यावं. आमची माणसं जिन्याखाली जमली. मी म्हणाले, देऊ नये. तळमजल्यावरच्या मावशी बसल्या होत्या. त्या चऱ्होलीच्या जुन्या शेतकरी घरातल्या. या इमारती त्यांच्या सासऱ्यांच्या रानात उभ्या आहेत, आणि त्या दुपारी माझ्या पतींच्या उशाशी मी सोडून फक्त त्याच होत्या.

“पानी काय त्या चेअरमनच्या बापाचं न्हाई, आन् आपल्याबी न्हाई,” त्या म्हणाल्या. “वर लेकरं ऱ्हात्यात. द्या.”

“मावशी, त्यांनी फाटक उघडलं होतं का?”

“न्हाई उघडलं. म्हून तर सुटलो की आपन त्यांच्यापासून. ताई, आपले दादा असते तर त्यांनी दिलं असतं.”

“ते नाहीत म्हणूनच तर,” मी म्हणाले.

 मग मावशींनी हात वर केला आणि इतरांनीही. माझा एकटीचा खाली राहिला. त्या ग्लासगोच्या म्हातारीला वेगळा देश हवा होता, आणि मिळाला असता तर पहिल्याच दिवशी तिनं लंडनला चहाला बोलावलं असतं, याची मला आता खात्री वाटते. माझे पतीही तसेच. त्यांना सुटका हवी होती. मला शिक्षा द्यायची होती. एकाच ठरावानं दोन्ही मंजूर झाल्या आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आता संध्याकाळी मोटर जास्त वेळ चालते. मी खिडकी लावून घेते. पाणी टॉवरच्या गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि तिथून खाली उतरतं. टाकीच्या लगेच खालच्या, म्हणजे चेअरमनच्या मजल्याला दाब सर्वांत कमी मिळतो, नळाला करंगळीएवढी धार येते, असं ऐकते. तो दाब वाढवायला वेगळा पंप बसवावा लागेल, आणि पाणी आमच्या बोअरचं, म्हणून त्याला आमच्या कमिटीची संमती लागेल. कमिटीची कागदपत्रं मी पाहते, म्हणून तो अर्ज माझ्याकडे आला आहे. वाचायला मला वेळ लागतो. मी सगळंच सावकाश वाचते.