पुतळ्याचा मोठा कान

माझा मामा नावाजलेला शिल्पकार आहे. मुलाखतींत तो कलावंताच्या स्वातंत्र्यावर भरभरून बोलतो आणि मला हसू आवरत नाही. गाझियाबादच्या त्याच्या शेडमध्ये त्या स्वातंत्र्याची काय गत होते, ते मी लहानपणापासून बघत आलेय. पुतळा आधी मातीत घडतो. मग ज्यांना तो हवा असतो त्यांची समिती येते, भोवती गोल फिरते, आणि काहीतरी बदलायला लावल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. त्यांनी होकार दिला की साचा, आणि मग ब्राँझ.

मामाने यावर तोड काढली होती. प्रत्येक पुतळ्याचा एक कान तो मुद्दाम मोठा ठेवायचा. समितीला तो लगेच खटकायचा. "कान थोड़ा बड़ा नहीं लग रहा?" मामा कपाळाला हात लावून म्हणायचा, "बिल्कुल सही पकड़ा आपने," आणि त्यांच्यादेखत चिमूटभर माती काढायचा. मंडळी खूश, बाकीचा पुतळा सहीसलामत. हे मामाला, बाबांना आणि मला ठाऊक होतं. आईला सांगावं असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण ती शेडकडे फिरकायचीच नाही.

बाबांना ठाऊक होतं, कारण पुतळ्यांचे हात बाबांचे असायचे. थोर माणसांच्या फोटोत चेहरे असतात, हात नीट दिसतच नाहीत. मग मामा आपल्या मेव्हण्याला रविवारी बोलावून घ्यायचा. फायलींवर सह्या करणारा आपला हात चौकाचौकांत आशीर्वाद देतोय, याचं बाबांना कोण कौतुक. त्यांची उजवी करंगळी मात्र क्रिकेट खेळताना मोडून वाकडी झाली होती. ती मामा शेवटी सरळ करून टाकायचा.

मागच्या हिवाळ्यात खुर्चीत बसलेल्या एका पुढाऱ्यासाठी बाबांनी हात दिला, आणि उन्हाळा लागता लागता ते गेले. त्या पुतळ्याची करंगळी मामाने वाकडीच ठेवली. तेव्हापासून आई रोज शेडवर जायला लागली. माती वाळू नये म्हणून फडकी भिजवायची, पाणी शिंपडायची. "दादा, हा एवढा हात असाच राहू दे," एवढंच तिचं मागणं.

समिती यायच्या दिवशी मी सुट्टी टाकून तिच्याबरोबर गेले. पाहुण्यांनी दोन फेऱ्या मारल्या, तिसरी मारली. कानाबद्दल कुणी चकार शब्द काढेना. मामा कासावीस. शेवटी अध्यक्ष खाली वाकले. "ये उँगली टेढ़ी है. सीधी कर दीजिए, हम परसों देख लेंगे."

"हो जाएगा साहब," मामा म्हणाला. आयुष्यभर तो हेच म्हणत आला होता.

ते गेल्यावर कळलं. आईने सकाळी स्टुलावर चढून कान नीटनेटका केला होता. "एवढा मोठा माणूस आणि कान सुपाएवढा. बरं दिसतं का ते?" तिने साळसूदपणे विचारलं. तेव्हा कुठे मामाने तिला कानाची युक्ती सांगितली. पहाडगंजात वाढलेली ही भावंडं चिडली की हिंदीत भांडतात.

"तुझे किसने बोला था हाथ लगाने को?"

"और तूने बताया क्यों नहीं? मैं क्या पराई हूँ?"

आपल्याच हाताने आपण बाबांची करंगळी घालवली, हे तिला आता कळलं. मामाने मातीचा एक गोळा तिच्या हातात ठेवला.

"चढ स्टुलावर. तूच नीट केलास ना? आता तूच बिघडव."

आईने असा काही कान केला की यार, हत्तीने लाजावं. मामाने तो जरासा आवरला.

ठरल्या दिवशी समिती आली, आणि दारातच अध्यक्षांचं बोट वर. "अरे, ये कान को क्या हुआ?" मामाने कपाळाला हात लावला, माती काढली, शाबासकी घेतली. जाता जाता अध्यक्षांनी हाताकडेही एक नजर टाकली. "देखिए, उँगली भी अब कितनी अच्छी लग रही है." करंगळीला कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. मी खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळाले.

परत आले तेव्हा गाडी गेली होती आणि आई पुतळ्याच्या खुर्चीशी उभी होती. तिने ती करंगळी मुठीत धरली होती. दिल्लीचा कुठलाही रस्ता ओलांडताना ती बाबांची हीच करंगळी धरायची, आणि पलीकडे पोचल्यावरही सोडायची नाही. बराच वेळ ती तशीच उभी होती. मग तिने मूठ उघडली, तर ओल्या मातीवर तिच्या बोटांचे खळगे उमटलेले.

"अगं बाई. बिघडवलं का रे मी परत?"

मामा कोरणी घेऊन जवळ गेला. वाकून बघितलं, आणि कोरणी खिशात ठेवली.

"राहू दे," तो म्हणाला. "समिती येऊन गेली."

दुसऱ्या दिवशी त्याने साचा घेतला, त्या खळग्यांसकट.