शांताबाईंची गाठ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं कळलंय, तेही मी सांगितलं म्हणून नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मला नीट सांगता येणार नाही.

आधी जहाजाचं सांगतो. ते सोपं आहे.

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका विमा कार्यालयात मी नोकरी करतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. मागच्या वर्षी काम चांगलं झालं म्हणून कंपनीने आम्हा काही जणांना समुद्रसफरीवर नेलं. साहेब होते, त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी होत्या. एका बेटापाशी जहाज अर्धा दिवस थांबलं. किनाऱ्यावर झावळ्यांच्या मांडवात चटया टाकून बायका मालिश करत होत्या, आणि आमच्यात चर्चा सुरू झाली — करून घ्यावी की नको?

"आधी तेल, मग वाळू," आमच्या शाखेतले पाटील म्हणाले, "भजी होऊन जहाजावर चढायचं की."

सगळे हसले. वहिनींची कंबर धरली होती. त्यांनी मला विचारलं, "तू सांग रे, काही उपयोग होईल का?"

मलाच का? मी तर मघापासून मांडवातल्या म्हाताऱ्या बाईचा हात बघत होतो. ती बोटांनी दाबत नव्हती. तळहाताच्या मुळाशी सगळं वजन आणून, समोरच्याच्या श्वासाबरोबर हात पुढे नेत होती. हात चांगला होता. ते मला कळतं — कारण माझी आई तीस वर्षं सोलापुरात घरोघर बाळंतिणींना आणि बाळांना मालिश करत फिरली. त्याच हातांच्या कमाईवर मी शिकलो. माझा पदवीचा कागद तिने आधी पदराला हात पुसून, मग धरला होता. तेलाचा डाग पडू नये म्हणून.

मी म्हणालो, "नको वहिनी. नुसतं तेल फासतात."

भीती वाटली. कशाची? तुला यातलं इतकं कसं कळतं, असं कुणी विचारेल — एवढीच. ऑफिसात मी सांगून ठेवलं होतं, आई गावाकडे शेती बघते.

इथेच थांबलं असतं तर? पण वहिनी म्हणाल्या, "खरा हात शांताबाईंचा. माझ्या मुलाच्या वेळी यायच्या. आता सुनेचे दिवस भरत आलेत, किती शोधतेय त्यांना. तुमच्याच भागातल्या ना? माहीत आहेत का तुला?"

शांताबाई माझी आई, माझ्याच घरी राहणारी.

'माहीत नाही' म्हणता आलं असतं. पण मग त्या शोधत राहिल्या असत्या — आणि एक दिवस माझ्याच दारात उभ्या राहिल्या असत्या. म्हणून मी म्हणालो, "त्या वारल्या."

वहिनींनी तिथेच हात जोडले. मीही मान खाली घातली.

तेव्हापासून आई भाजी आणायला निघाली की तिच्या हातातली पिशवी मीच घ्यायचो. मग आम्हाला मुलगी झाली, आणि वहिनींचा फोन आला — रविवारी बाळ बघायला येते. मी आईला म्हणालो, चार दिवस मोडनिंबला मावशीकडे जाऊन ये.

"साहेबाच्या बायकूम्होरं मी नगं, व्हय ना?" आई म्हणाली. "जाते की. त्यात काय एवढं."

मी लाजतोय, एवढंच तिला वाटलं. बाकीचं तिला ठाऊक नव्हतं. जाण्याआधी तिने बाळाला चोळलं, न्हाऊ घातलं, दुपट्यात गुंडाळलं. इतर बायका टोक छातीवर खोचतात. आई डाव्या खांद्यामागे बारीक गाठ मारते.

वहिनींनी बाळ उचललं आणि त्यांची बोटं त्या गाठीवर थांबली.

"ही तर शांताबाईंची गाठ."

"आमच्या सासूबाई—" बायकोने तोंड उघडलं.

"शेजारीच होत्या ना त्या," मी मध्येच म्हणालो. "हिला शिकवून गेल्या."

बायको माझ्याकडे बघत राहिली. मग चहा टाकायला आत गेली. तिने मला वाचवलं, की तिला शब्दच सुचले नाहीत? मी अजून विचारलेलं नाही. वहिनींनी डोळे टिपले. म्हणाल्या, "किती जपलंय तुम्ही त्यांना."

याला दोन महिने झाले. वहिनींना बाळाचा लळा लागलाय, त्या अधूनमधून येतात. येताना कळवतात, कधी कळवतही नाहीत. आई अजून मोडनिंबलाच आहे. रोज सकाळी तिचा फोन येतो.

"पोरीची टाळू भरली का? गाठ मागनं मारताव न्हवं? मी कवा येऊ?"

थांब अजून थोडं, मी म्हणतो.

बरं, म्हणते ती.