नखावर तपासलेलं दूध

सासूबाईंनी माझं दूध नखावर तपासलं, हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. गवळ्याने दुधात पाणी घातलंय का, हे आमच्याकडे असंच बघतात. अंगठ्याच्या नखावर थेंब टाकायचा. थांबला तर दूध चोख, ओघळला तर पाणी. लांजीला त्यांच्या माहेरी म्हशी होत्या, त्यामुळे या परीक्षेत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

माझी लेक आठव्या महिन्यातच झाली. बालाघाटच्या एका दवाखान्यात पंधरा दिवस काचेच्या पेटीत काढून, पावणेदोन किलोची होऊन ती घरी आली. ओढून प्यायची तिला ताकद नव्हती, म्हणून मी दूध वाटीत पिळून चमच्याने पाजायचे. एका सकाळी सासूबाईंनी ती वाटी खिडकीपाशी नेली, बोट बुडवलं आणि थेंब नखावर घेतला. थेंब ओघळला.

"हे दूध होय का पाणी? म्हणूनच लेकरू अंग धरून नाई राह्यलं!"

म्हणजे मी कमी दर्जाची म्हैस! नवरा समोरच दाढी करत होता. मी त्याच्याकडे पाहिलं. "आईले समजते ना, इतके लेकरं वाढवले तिनं," एवढंच तो बोलला आणि दुपारी पावडरचा डबा घेऊन आला. तो डबा त्याच्या डोक्यात घालावा असं वाटलं होतं मला.

डब्यावर माप छापलेलं होतं, चमचा सपाट भरायचा. सपाट चमचा म्हणजे आमच्या घरी कंजुषी. सासूबाई चमचा शिगोशीग भरायच्या, वर आणखी एक टाकायच्या. दूध गच्च झालं की त्यांचा चेहरा खुलायचा. मी एकदाच म्हटलं, "आई, लिहिलंय तेवढंच टाका ना."

"दुबळ्या लेकराले जास्त लागते का कमी? काहून भेऊन राह्यली तू?"

मी गप्प बसले. लेकीला आता नुसतं पावडरचंच दूध; माझं पिळलेलं मोरीत जाऊ नये म्हणून मीच ते परसातल्या पेरूच्या बुंध्याशी ओतायला लागले.

चौथ्या दिवशी लेक ढिली पडली. लंगोट कोरडे, ओठ सुकलेले, हाक मारली तरी डोळा उघडेना. ऑटोत तिला मांडीवर घेऊन आम्ही दवाखाना गाठला. रक्त तपासलं, तर युरिया भलताच वाढलेला.

"इतना गाढ़ा दूध किसने बनाया?" डॉक्टरांनी विचारलं. नवऱ्याने सासूबाईंकडे पाहिलं. मग डॉक्टरच सांगायला लागले. एवढ्याशा जिवाचं लिव्हर कच्चं, किडन्या कच्च्या. पचेल त्याहून जास्त प्रोटीन गेलं की त्याचा युरिया होतो, आणि तो बाहेर टाकता टाकता अंगातलं पाणी संपतं. लवकर बाळंत झालेल्या बाईच्या दुधात सुरुवातीला प्रोटीन मुळातच थोडं जास्त असतं, दिसायला ते कितीही पातळ असो, आणि बाळाला ते पचतं. म्हणजे लेकीला जे हवं होतं ते आम्ही पेरूला पाजत होतो. मला सासूबाईंचं तोंडही बघवेना.

तीन दिवस सलाईन लागलं. तिसऱ्या संध्याकाळी ती खणखणीत रडली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी कागद लिहिता लिहिता मला सहज विचारलं, "आप कुछ करती हैं?"

"बायोलॉजी पढ़ाती हूँ. ग्यारहवीं-बारहवीं को."

त्यांचं पेन थांबलं. आता झापणार, असं मला वाटलं. झापलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची सासूबाईंकडे वळवली आणि दूध कसं पाजायचं ते सगळं त्यांना सावकाश समजावलं. त्या डोळे पुसत मान हलवत होत्या. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.