अक्कांचं वाण

अक्कांच्या घरून कुणी रिकाम्या हातानं परत आलं नाही. काही नसलं तर कुंपणाची एक काठी तरी मिळायचीच. बेशरमीची काठी! बंगळूरच्या चामराजपेटेमागं तळं होतं, तिथंच काठाला अक्कांचं घर. त्याच्या चहूबाजूंनी बेशरमीचंच कुंपण, जांभळट फुलांचं.

तेव्हा अजून म्हैसूर राज्य होतं. मी लग्न होऊन साताऱ्याहून बंगळूरला आले, कन्नडचा गंध नाही, दिवस खायला उठायचा. एका दुपारी अक्कांनी चक्क मराठीत हाक मारली, "स्वल्प बस की गं, कुठं पळतीस?" तिथून आमचं जमलं. अक्कांचे यजमान तरुणपणीच निघून गेलेले, ना पत्र ना निरोप. तरीही अक्का ठसठशीत कुंकू लावायच्या. कुंकवाचा धनी आहे की नाही कोण जाणे, म्हणून बायका त्यांना हळदीकुंकवाला बोलवत नसत.

मग संक्रांतीला अक्काच सगळ्यांना बोलवायच्या. एका वर्षी त्यांनी वाण म्हणून चक्क बेशरमीच्या काठ्या वाटल्या. वाणाला असलं कुणी देतं का, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "वाटी कोनाड्यात पडून राहतीय. हे कुठंही खोचा, जगतंय. फुललं की माझी आठवण काढाल."

काढली की! बायकांनी गटाराकडेला खोचलेल्या काठ्या दोन-तीन पावसाळ्यांत तळ्यात उतरल्या. पाणी दिसेना, डास माजले, घरोघरी ताप. सगळ्याजणी अक्कांच्या नावानं बोटं मोडू लागल्या. वाण घेताना मात्र हसत होत्या मेल्या.

त्यानंतरच्या संक्रांतीला अक्कांनी सतरंजी अंथरली. मी एकटीच गेले. दिवेलागणीपर्यंत त्यांचं लक्ष दाराकडं. मग सतरंजी गुंडाळत म्हणाल्या, "सरी, असू दे. तू आलीस, बास."

दुसऱ्या दिवसापासून अक्का कोयता घेऊन गुडघाभर पाण्यात उतरू लागल्या. कापलेले तुकडे तिथंच टाकायच्या, आणि त्यांनाच पुन्हा मुळं फुटायची. मी सांगून थकले. शेवटी तापानं त्यांनाही गाठलं, आणि चार दिवसांत खेळ संपला.

अंगणात बायका जमल्या. सवाष्ण म्हणून मळवट भरायचा की नाही, यावर त्यांची कुजबुज. माझं डोकं फिरलं. मी करंडा घेतला आणि अक्कांचं कपाळ भरलं. कापलेल्या कुंपणाला नवी फुलं आली होती, त्यातली ओंजळभर ओटीत घातली. मग एकेक करून सगळ्या पुढं आल्या, हळदीकुंकू लावायला.

त्या वाणानंतर अक्कांच्या घरी एवढ्या बायका मी त्या दिवशीच पाहिल्या.