पांढऱ्या कॅनमधलं अ‍ॅसिड

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात मी नांदेडहून, मावशीच्या घरून, सुट्टीला उदगीरला आले तेव्हा पप्पांच्या बॅटरीच्या दुकानासमोर लोक पाण्यासाठी एकमेकांची डोकी फोडत होते. टँकर आमच्याच कोपऱ्यावर थांबायचा. कळशी ठेवून नंबर लावायचा, आणि कुणी ती पायानं सरकवली की मारामारी. एका बाईच्या कानातलं कुणीतरी ओढलं. कानाची पाळी फाटली, तरी तिनं टँकरचा पाइप सोडला नाही. मी काउंटरमागून नुसती बघत बसायचे.

दुकानात ट्रॅक्टरच्या, जीपच्या, घरोघरच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या चार्जिंगला लागलेल्या असत. आत शिशाच्या प्लेटा, मध्ये पाणी मिसळलेलं अ‍ॅसिड. बॅटरी वापरली की अ‍ॅसिड प्लेटांत मुरतं आणि मागे पाणी वाढतं. वीज उलटी सोडली की ते परत बाहेर येतं. चार्ज होताना थोडं पाणी वायू होऊन उडतं, म्हणून वरून डिस्टिल्ड पाणी घालायचं. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी प्लेटा खराब होतात. डिस्टिल्ड पाण्याचे पांढरे कॅन दुकानात रचलेले असत, रस्त्यावरून दिसतील असे.

रिकामे कॅन शेजाऱ्यांनी रांगेत लावायला नेले होते. पप्पा कुणाला नाही म्हणत नसत. त्यातच अ‍ॅसिडचा काळा कॅन तळाशी चिरला. उरलेल्या एकुलत्या रिकाम्या पांढऱ्या कॅनमध्ये पप्पांनी अ‍ॅसिड ओतलं आणि मला म्हणाले, "यावर ठळक लिही." मी मार्करनं ACID लिहिलं, इंग्रजीत. नांदेडच्या शाळेत सगळं तसंच लिहायचे. दुसरं काही सुचलंही नाही.

दुसऱ्या दिवशी उदगीर वेगळा जिल्हा व्हावा म्हणून मोर्चा होता. भोंग्याची बॅटरी न्यायला चार-पाच जण आले. टँकर चार दिवस आला नव्हता. त्यांच्यातल्या एकाला कॅन दिसले.

"आम्ही जिल्हा मागायलोय, अन् हे बघा, पाणी दडवून बसलंय!"

"प्यायचं न्हाई हो दादा ते, बॅटरीचं हाय," पप्पा म्हणाले.

"बॅटरीला पाजतोस व्हय? अन् आमच्या लेकरांनी काय धूर प्यावा?"

त्यानं पप्पांच्या तोंडावर ठोसा मारला. पप्पा टेबलावर आदळून खाली पडले. बाहेर टँकरची वाट बघणारी रांगेतली माणसं आत घुसली. शेजारच्या काकूंनी अ‍ॅसिडचा कॅन उचलला. मी पाहिलं. ओरडायला एवढा वेळ पुरेसा होता. तोंड उघडलंच नाही. काकूंनी झाकण काढलं, कुणीतरी कॅनला हिसका दिला, आणि अ‍ॅसिड त्यांच्या मानेवर, गालावर, डोळ्यात गेलं.

"डोळा! पाणी ओत डोळ्यात!" पप्पा रक्त थुंकत ओरडले.

एक माणूस पाण्याचा कॅन छातीशी धरून दाराकडे निघाला होता. मी त्याच्या मनगटाला चावले. त्यानं माझ्या कानशिलात भडकावली, मी सोडलं नाही. शेवटी कॅन पडला. मी काकूंचं डोकं मांडीवर घेऊन पापणी बोटांनी उघडी धरली आणि पप्पा ओतत राहिले. ते संपल्यावर दुकानामागच्या आमच्या घरातलं पिंप. आई झाकणावर हात ठेवून उभी होती.

"आठ दिवसांचं हाय ते."

पप्पांनी तिला ढकललं. आईला त्यांनी कधी हात लावलेला मी पाहिला नव्हता. ती भिंतीवर आपटली, उठली, आणि स्वतःच पिंपात तांब्या बुडवला. गटारीकडे वाहणाऱ्या पाण्याखाली एका बाईनं पातेलं धरलं. दुसरीनं लाथेनं ते उडवलं.

काकूंचा डोळा वाचला. मानेची कातडी गेली. लातूरच्या दवाखान्यात मी एकटीच त्यांच्याजवळ बसले होते तेव्हा त्यांनी विचारलं, "तुला ठाव होतं का गं, त्यात काय हाय ते?"

"हो," मी म्हणाले.

काकूंनी पट्ट्यांत बांधलेली मान माझ्याकडे वळवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मग त्यांनी डोळे मिटून घेतले.