छतवाल्या बाईंची खोली

माझी आत्या आयुष्यभर दुसऱ्यांच्या डोक्यावरची छतं विकत आली. भिंतींचे बोर्ड, छताचे पॅनेल, पत्रे अशा मालाचं मोठं दुकान होतं. मालक गल्ल्यावर आणि आत्या काउंटरवर. गिऱ्हाइकं तिला 'छतवाल्या बाई' म्हणायची. तिने लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

नवरा-बायको दुकानात यायचे आणि रंगावरून हमरीतुमरीवर यायचे. आत्या त्यांच्या हातातले नमुने काढून घ्यायची. "रंगावरून मागाहून भांडा. आधी सांगा, आत कोण राहणार?" तान्हं मूल असेल तर एक माल, म्हातारं माणूस असेल तर दुसरा, नुसती गाडी असेल तर तिसराच. उत्तर मिळेपर्यंत ती एक बोर्ड हलू द्यायची नाही. घाईतली माणसं चिडायची आणि पुढच्या वेळी तिलाच शोधत यायची.

ती भाड्याने राहायची ती इमारत पाडायचं ठरलं, तेव्हा तिची नोकरीही संपत आली होती. बाबा तिचे धाकटे भाऊ. त्यांनी चार माणसांत जाहीर करून टाकलं, "ताई आमच्याकडे राहणार. गॅरेज रिकामंच आहे, झकास खोली करून देतो." वरच्या मजल्यावरही एक खोली रिकामी होती, पाहुण्यांसाठी राखलेली. तिचा विषय कुणी काढला नाही.

गॅरेज म्हणजे तीन भिंती, पुढे शटर आणि वर पत्रा. तरी आत्या हरखली. नमुन्यांचे तुकडे घरी आणून उजेडाला धरून बघायची. मला म्हणाली, "भिंतीला फिकट पिवळा घेऊ का गं? की म्हातारपणी चळलीय म्हणतील?"

माल घ्यायला बाबा मुद्दाम तिच्या जेवणाच्या सुट्टीत गेले. मी बरोबर होते. काउंटरवर नवा विक्रेता होता, आत्याच्याच तालमीत तयार झालेला. त्याने पहिला प्रश्न आत्याचाच विचारला, आत कोण राहणार? कुणी राहणार असेल तर पत्र्याखाली ग्लासवूल घालावी लागेल, नाहीतर उन्हाळ्यात नुसती भट्टी होईल, आणि भिंतींना जाड बोर्ड लागेल, असंही सांगितलं. मग खर्चाचा अंदाज सांगितला. बाबांनी कान खाजवला.

"राहणार कोणी नाही हो," ते म्हणाले. "सामान ठेवायचंय."

तेवढ्यात मागच्या फळ्यांआडून आत्या बाहेर आली, हातात मापाची टेप. ती जेवायला गेलीच नव्हती. बाबांचा चेहरा खर्रकन उतरला.

"बाबा, तिथे आत्या राहणार आहे ना?" मी म्हणाले.

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस," बाबा खेकसले.

"गप्प बस गं," आत्याही म्हणाली आणि विक्रेत्याकडे वळली. "सामान ना? मग पातळ पॅनेल दे. छताला तेच, भिंतींना तेच. ग्लासवूल राहू दे. सामानाला कुठे उकडतंय?"

गिऱ्हाइकाशी बोलावं तशी ती बोलली. मग टेप गुंडाळत उभी राहिली, फार सावकाश. बाबांनी नाही म्हणावं म्हणून ती थांबली होती, हे मला स्वच्छ दिसत होतं. एक शब्द पुरला असता. बाबांनी सुटकेचा श्वास टाकला. "ताईला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं," ते विक्रेत्याला म्हणाले आणि त्यांनी पाकीट काढलं.

आत्या राहायला आली. दुसरीकडे जाणार कुठे? उन्हाळ्यात त्या खोलीत पाण्याचा तांब्यासुद्धा तापायचा. भिंतीत खिळा टिकायचा नाही, म्हणून तिचं घड्याळ टेबलावर उताणं पडलेलं असायचं. दुपारी ती ओला टॉवेल डोक्यावर घेऊन दारात खुर्ची टाकून बसायची.

कुणी म्हणालं, "फार उकडतं हो इथे," की बाबा हसून सांगायचे, "तिचीच निवड! जन्मभर हेच काम केलंय तिने, आपण काय शिकवणार?" इतक्यांदा सांगितलं की त्यांना स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आत्या मात्र मान डोलवायची. "हो, मीच निवडलं." मला तिचाही राग यायचा. असला कसला मानीपणा, की स्वतःलाच भाजून घ्यायचं?

एका दुपारी तिला घेरी आली आणि ती दारातच कोसळली. तिला पाणी पाजता पाजता मी फैलावर घेतलं. "त्याच दिवशी का नाही सांगितलंस बाबांना, तिथे मी राहणार आहे म्हणून?"

"त्याला माहीत नव्हतं का?" ती म्हणाली. ओठ कोरडे पडले होते, शब्द नीट फुटत नव्हता. "सख्ख्या भावाला काय सांगायचं गं? की मी सामान नाही म्हणून?"

बाबा धावत आले. "ताई, काय झालं?"

आत्याने माझा हात दाबला. "काही नाही रे," ती म्हणाली. "तू जेवलास का?"